सर्वांत मागें कोण?

रविवारची पहाट असावी, मुळा-मुठेच्या पात्रावर धुकें असावें, आणि बंडगार्डनचा पूल ओलांडून दहा-बारा फटफट्यांची रांग येरवड्यांतून नगर रस्त्याला लागावी, हें दृश्य आतां पुणेकरांच्या परिचयाचें झालें आहे. मागें बांधलेल्या पेट्या, अंगांत जाड कोट, डोक्यावर शिरस्त्राण, अशा थाटाचे स्वार पाहून फिरावयास निघालेलीं वडील माणसें क्षणभर थबकतात. या स्वारांपैकीं कांहींचें मन नगर रस्त्यावर फार दिवस रमत नाहीं. त्यांस ओमानचें वाळवंट आणि त्यास भिडलेला समुद्र खुणावूं लागतो. मग एके रात्रीं जेवतांना मुलगा किंवा मुलगी घरांत ही गोष्ट काढते, आणि आईच्या हातांतला घांस हातांतच राहतो. जाऊं द्यावें कीं न द्यावें?

श्रोतेहो, हा प्रश्न आजचा नाहीं. १९२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत गांधीजी येरवड्याच्या तुरुंगांत सहा वर्षांची शिक्षा भोगीत होते. त्याच महिन्याच्या १५ तारखेस मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. वजनें उचलून कमावलेलें शरीर आणि तरुण वय, एवढेंच त्यांचें मुख्य भांडवल. फटफटीच्या स्वारास निदान यंत्राचें बळ असतें. यांचें यंत्र म्हणजे यांचेच पाय.

पंजाब, बलुचिस्तान, इराण असे मुलूख मागें टाकीत ते बगदादेस पोहोंचले. तेथून अलेप्पोपर्यंत मेसोपोटेमियाचें वाळवंट पसरलेलें. साडेनऊशेंहून अधिक किलोमीटरांचा हा टापू त्यांनीं २३ दिवसांत पार केला. दिवसाला सरासरी सुमारें ४० किलोमीटर! आजची फटफटी चांगल्या सडकेवर एवढें अंतर पाऊण तासांत तोडील. पण वाळूंत चाक रुतलें म्हणजे कोणत्याहि स्वारास खालीं उतरून गाडी ढकलावीच लागते. आणि तेथें वेगाचा हिशेब संपून पाण्याचा हिशेब सुरू होतो. कोणाच्या पिशवींत किती घोट उरले आहेत, हें त्या वेळीं सर्वांस ठाऊक असावें लागतें.

युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश असा वळसा घालून १९२८ सालच्या १८ मार्च रोजीं ते मुंबईस परतले. चार वर्षें आणि पांच महिने. सुमारें ७१,००० किलोमीटर. मात्र निघाले होते सहा, आणि प्रदक्षिणा पुरी केली ती तिघांनीं: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. उरलेल्यांपैकीं एक तेहरानहून मागें फिरला. दुसऱ्यास अमेरिका इतकी आवडली कीं तो तेथेंच राहिला. आणि मित्र राहिला म्हणून तिसऱ्याचें मन उडालें, तो घरीं परतला. या प्रवासाचें इंग्रजी पुस्तक १९३१ सालीं निघालें व त्यास जवाहरलाल नेहरूंनीं प्रस्तावना लिहिली.

या तिघांच्या माघारीस कोणी भ्याडपणा म्हणूं नये. तेहरानपर्यंत सायकल हांकणारा मनुष्य भित्रा कसा? परंतु दूरच्या प्रवासांत संघ मोडतो तो पुष्कळदां मनें दुरावल्यामुळें, हें यावरून ध्यानांत घ्यावें.

आतां ओमानकडे वळूं. मस्कतपासून सलालाह सुमारें हजार किलोमीटर. आंतली सडक ओसाड मैदानांतून जवळजवळ सरळ जाते. किनाऱ्याची वाट लांबची, पण एका हातास वाळू आणि दुसऱ्या हातास आपल्याच कोंकणास भिजविणारा अरबी समुद्र. वाटेंत सूर हें बंदर लागतें. तेथील गलबतांस हिंदुस्थानचें सागवान जात असे. जो नैर्ऋत्य मोसमी वारा येरवड्यास पाऊस देतो, त्याच वाऱ्यानें जून ते सप्टेंबर सलालाहमागील डोंगर धुक्यांत बुडून हिरवे होतात. डोंगर उतरून पलीकडे गेलें कीं पुन्हां रखरखीत वाळू!

धोकेहि तेथले आहेत. वाऱ्यानें सडकेवर वाळू येऊन पडते. सांज झाली कीं उंट आडवे येतात. म्हणून जाणते संघ अंधार पडण्यापूर्वीं मुक्काम करतात, आणि पेट्रोलचा पंप दिसला कीं टाकी भरून घेतात. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घरूनच काढून नेतात. स्वतःची गाडी न्यावयाची तर अनेक देशांत जकातीसाठीं कार्ने नांवाचा दस्तऐवज लागतो. गाडी परत नेऊं, ही त्यांतली हमी. आणि मुख्य नियम असा: पुढें वाटाड्या, मध्यें नवखे, आणि सर्वांत मागें एक अनुभवी स्वार, ज्यास गाडी दुरुस्त करतां येते. कोणी थांबला कीं तो थांबतो. पुढच्यांनीं प्रत्येक वळणावर मागचा दिवा दिसेपर्यंत वाट पाहावयाची.

तेव्हां घरांत ही गोष्ट निघाली म्हणजे वडिलांनीं गाडीची किंमत आणि वेग विचारण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: "तुमच्यांत सर्वांत मागें कोण असणार?" उत्तरादाखल नुसतें हंसूं आलें, तर आणखी एक वर्ष नगर रस्ताच बरा. पण मुलानें चटकन नांव सांगितलें, आणि त्या माणसास एकदां घरीं जेवावयास आणलें, तर आईनेंहि समाधानानें डबा भरून द्यावा.