डॉक्टरांना सगळं सांगा

(मंदिराच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात एका निवृत्त फिजिशियन सभासदांनी केलेले भाषण)



प्रसादाच्या आधी मला थोडा वेळ दिला आहे. वास सगळ्यांनाच येतोय, तेव्हा लांबण लावत नाही. एकच गोष्ट सांगतो. ती आपल्यातल्याच एका आजींची आहे. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो.

आजींचं वय ७८. साताऱ्याहून मुलाकडे राहायला आल्या. लेक एलिझाबेथला रोज एक फेरी मारणाऱ्या, अंगाने बारीक, बारा वर्षांचा मधुमेह. गेल्या आषाढी एकादशीला त्यांनी पाण्यावर उपास केला. पण ‘गोळी कधी चुकवायची नाही’ हे डॉक्टरांचं वाक्य पक्कं लक्षात होतं, म्हणून सकाळची गोळी मात्र घेतली. दुपारी चारच्या सुमारास दरदरून घाम फुटला, शब्द अडखळू लागले, सुनेलाही ओळखेनात. घरच्यांना वाटलं, पक्षाघात झाला. सुनेने ९११ ला फोन केला. आलेल्या माणसांनी आधी बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली. ती ४१ होती. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि थोड्या वेळात आजी विचारू लागल्या, “एवढी गर्दी कशाला?”

मंडळी, साखर फार उतरली की माणूस अगदी पक्षाघात झाल्यासारखा दिसू शकतो. म्हणून साखर आधी तपासतात. पण साखर इतकी का उतरली, हे शोधायचं राहिलंच होतं. रुग्णालयात मुलाने गोळ्यांची यादी दिली. तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, “यादी नको, घरातला डबा आणा.” डब्यात इथली नारिंगी बाटली होती, तिच्यावर ग्लिमेपिराइड लिहिलेलं. शेजारी साताऱ्याहून आणलेली पाकिटं होती, त्यांवर वेगळंच नाव. पण बारीक अक्षरांत तेच ग्लिमेपिराइड, सोबत मेटफॉर्मिन. आजी दोन्ही घेत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, “तिकडचे डॉक्टर वीस वर्षांचे ओळखीचे. त्यांची गोळी सोडायची कशी?” निदान झालं ते त्या डब्यामुळे. या गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो, म्हणून त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवलं.

आता उपचाराचा निर्णय. आजींचं तीन महिन्यांच्या साखरेचं प्रमाण, म्हणजे एचबीए१सी, ६.४ होतं. घरचे खुशीत होते. पण डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलं. मुलगा म्हणाला, “मग साखर वाढेल ना?” थोडी वाढेल, आणि ते चालेल. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या शिफारशींप्रमाणे धडधाकट ज्येष्ठांना ७ ते ७.५ च्या खाली पुरतं; अनेक आजार असतील किंवा स्मरणशक्ती क्षीण झाली असेल तर ८ च्या खालीही चालतं. वाढलेली साखर नुकसान करते ते वर्षानुवर्षांत. उतरलेली साखर आज दुपारी जिन्यावरून पाडते आणि खुबा मोडते. या वयात दुसरा धोका अधिक जवळचा.

आजींच्या पायांना मुंग्याही यायच्या, कापसावर चालल्यासारखं वाटायचं. ‘मधुमेहाच्या नसा’ म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. पण त्या शुद्ध शाकाहारी, दूधही आवडत नाही आणि मेटफॉर्मिन बारा वर्षं चालू. मेटफॉर्मिनने शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं. तपासलं तर फारच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत, पण पाय जमिनीवर टेकतात असं त्या म्हणतात. आणखी उशीर झाला असता तर एवढंही परत मिळालं नसतं.

“मी तर काटकुळी, मला मधुमेह कसा?” हाही प्रश्न नेहमी येतो. त्याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःच्याच उदाहरणाने दिलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी आपला दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो, चरबी आत असते. म्हणूनच इथेही २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहाची तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच करावी अशी शिफारस आहे.

तेव्हा चार गोष्टी करा.

पहिली: डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. देशातल्या, इथल्या, आयुर्वेदिक, गुडघ्याच्या, झोपेच्या, सगळ्या.

दुसरी: उपास करत असाल तर आधीच सांगा. डॉक्टर रागावणार नाहीत. त्या दिवशी कुठली गोळी घ्यायची, कुठली नाही, ते ठरवून देतील. आपल्या मनाने मात्र कुठलीही गोळी बंद करू नका.

तिसरी: साखर ७० च्या खाली गेली किंवा घाम, थरथर सुरू झाली तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. उपास मोडला म्हणून विठोबा रुसत नाही. माणूस नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, ९११ ला फोन करा.

चौथी: रुग्णालयात मराठी दुभाषा मागा. तो विनामूल्य मिळतो, बहुधा फोनवर. मुलगा प्रेमाने “सगळं ठीक आहे” सांगून मोकळा होतो, आणि लघवीचा किंवा पडल्याचा विषय आपणही मुलासमोर काढत नाही. निदान अडतं ते तिथे.

आजी आज इथे समोर बसल्या आहेत. येत्या एकादशीला त्या दूध-फळं घेऊन उपास करणार आहेत, डॉक्टरांना विचारून. आपणा सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.

विनंती: आपल्या अनेक ज्येष्ठांची मुलं दिवसभर कामावर असतात आणि डॉक्टरांकडे नेणारं कोणी नसतं. महिन्यातून एक सकाळ गाडीने ने-आण करू शकणाऱ्या भक्तांनी कार्यालयात नाव नोंदवावे. साखर व रक्तदाब तपासण्याच्या यंत्रांसाठी ज्येष्ठ सेवा निधीत यथाशक्ती देणगी द्यावी, ही नम्र विनंती. सेवेची रक्कम लहान-मोठी नसते.