गोळी थांबते तेव्हा : कुटुंबनियोजनातील न मोजलेला टप्पा

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अर्थशास्त्राच्या व्याख्यानात गर्भनिरोधक गोळीचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. लोकसंख्या, माता आरोग्य आणि स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग हे विषय आपण आकडेवारीच्या रूपाने अभ्यासता. त्या आकड्यांमागे एक साधा निर्णय असतो. एखादी स्त्री गोळी सुरू करते आणि एके दिवशी ती थांबवते. सुरू करण्याच्या निर्णयावर आपल्याकडे विपुल लिहिले गेले. थांबवण्याच्या निर्णयावर फार थोडे. आज मी त्या दुसऱ्या निर्णयाविषयी बोलणार आहे.

प्रारंभी एक वैयक्तिक अनुभव सांगते. वयाच्या तिशीत, पीएच.डी.चे काम संपत आले असताना, मी काही वर्षे घेतलेली गोळी बंद केली. त्यानंतर तीन महिने पाळी आली नाही, चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या आणि केस विंचरताना फणीत केसांचे पुंजके येऊ लागले. ज्यांना विचारले त्यांनी ‘काळजी करू नका’ एवढेच सांगितले. कारण कोणी सांगितले नाही. औषधाच्या दुकानातून ‘रक्तशुद्धी’ची दोन महागडी टॉनिके आणली. चौथ्या महिन्यात पाळी आली आणि वर्षभरात सारे पूर्ववत झाले. टॉनिकांमुळे नव्हे, हे मला पुढे वाचनातून कळले.

त्यानंतर काही वर्षांनी एका ग्रामीण सर्वेक्षणात अकरा महिन्यांचे मूल कडेवर घेतलेली एक तरुण स्त्री भेटली. चक्कर येते म्हणून तिने तीन पाकिटांनंतर गोळी सोडली होती आणि दोन महिने तिची पाळी आली नव्हती. ‘गोळी उष्ण पडली, ती उष्णता पोटात साठली आहे,’ असे तिला घरातून सांगण्यात आले होते. ती निवांत वाट पाहत होती. प्रत्यक्षात तिला दिवस गेले होते. लक्षण दोघींचे एकच, कारण मात्र भिन्न. माझी चूक काही रुपयांत निभावली. तिला तिची किंमत आपल्या प्रकृतीने मोजावी लागली. पहिल्या बाळंतपणातून शरीर सावरलेले नसताना ती दुसऱ्यांदा गरोदर राहिली होती.

शरीरात नेमके काय घडते?

सरकारी कार्यक्रमातील ‘माला-एन’ हे गोळीचे परिचित उदाहरण घेऊ. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांत लेव्होनॉर्जेस्ट्रेल (०.१५ मिलिग्रॅम) आणि इथिनिल इस्ट्राडायोल (०.०३ मिलिग्रॅम) ही दोन संप्रेरके असतात; उरलेल्या ७ गोळ्या लोहाच्या. बाहेरून मिळणाऱ्या या संप्रेरकांमुळे मेंदूतील पियुषिका ग्रंथीकडून बीजांडकोशाला जाणारे संदेश मंदावतात आणि बीजांड परिपक्व होऊन बाहेर पडण्याची क्रिया थांबते. लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात होणारा रक्तस्राव ही खऱ्या अर्थाने पाळी नसते. संप्रेरकांचा पुरवठा तात्पुरता थांबल्याने होणारा तो स्राव असतो.

गोळी बंद केल्यावर तिच्यातील संप्रेरके काही दिवसांतच शरीराबाहेर जातात. ती साठून राहत नाहीत. म्हणूनच ‘शुद्धी’ करणाऱ्या कोणत्याही औषधाची आवश्यकता नसते. मेंदू आणि बीजांडकोश यांच्यातील संवाद मात्र पुन्हा जुळावा लागतो. काही स्त्रियांत तो दोन ते चार आठवड्यांत जुळतो, तर काहींना तीन महिने लागतात. या काळात पाळी अनियमित होऊ शकते. गोळीमुळे दबलेली मूळ प्रकृतीही पुन्हा प्रकट होते : पाळीपूर्वीची चिडचिड, पोटदुखी, अधिक रक्तस्राव. गोळीमुळे अँड्रोजेन या संप्रेरकाचा प्रभाव कमी झालेला असतो; तो पूर्ववत झाल्याने मुरुमे येतात. केसगळती बहुधा दोन-तीन महिन्यांनी जाणवते आणि सहसा आपोआप थांबते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. यांपैकी बहुतेक बदल गोळीने निर्माण केलेले नसून गोळीने झाकलेले असतात. बहुपुटी बीजांडकोशाचा, म्हणजेच पीसीओएसचा त्रास असलेल्या मुलीची पाळी गोळीमुळे नियमित दिसते. गोळी थांबताच मूळचा त्रास वर येतो आणि दोष गोळीला दिला जातो. ‘आधी हे, नंतर ते; म्हणून यामुळे ते’ ही तर्कदुष्टता आपण संख्याशास्त्रात शिकता, तीच ही.

वंध्यत्वाची भीती सर्वांत खोल आणि सर्वांत निराधार आहे. गर्भधारणेसाठी गोळी थांबवणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे पाचांपैकी चौघींना वर्षभरात दिवस जातात, असे विविध देशांतील अभ्यासांचे निष्कर्ष आहेत. कधीच गोळी न घेतलेल्या स्त्रियांचे प्रमाणही साधारण असेच असते. ‘अंतरा’ या तीन महिन्यांच्या इंजेक्शनची गोष्ट वेगळी आहे. ते थांबवल्यावर प्रजननक्षमता परत येण्यास शेवटच्या इंजेक्शनपासून सरासरी सात ते दहा महिने लागतात. हा विलंब तात्पुरता असला, तरी तो आधी सांगितला गेला पाहिजे.

काळजी कोणती घ्यावी?

पहिली गोष्ट, पाळी येण्यापूर्वीच बीजांड बाहेर पडते. त्यामुळे गोळी थांबवल्यावर एकही पाळी न येता दिवस जाऊ शकतात. मूल नको असल्यास दुसरी पद्धत त्याच दिवसापासून सुरू करावी आणि शक्यतो चालू पाकीट पूर्ण करूनच थांबावे. दुसरी गोष्ट, पाळी चुकल्यास सर्वप्रथम गर्भचाचणी करावी. ‘निश्चय’ हा चाचणीसंच आशा कार्यकर्तीमार्फत उपलब्ध करून देण्यात आला आहे. तिसरी गोष्ट, चाचणी नकारात्मक असूनही तीन महिन्यांत पाळी न आल्यास डॉक्टरांना भेटावे. थायरॉईड, प्रोलॅक्टिन किंवा पीसीओएस यांची तपासणी करावी लागते. अतिरक्तस्राव, तीव्र वेदना किंवा टिकून राहणारे नैराश्य असल्यास तीन महिने थांबूही नये. मानसिक त्रासासाठी २०२२ साली सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा (१४४१६) आहे.

चौथी गोष्ट पोषणाची. गोळी घेताना स्राव कमी होतो. ती थांबताच रक्ताचा व्यय वाढतो आणि पाकिटातील लोहही बंद होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. अशा देशात गोळी सोडणाऱ्या स्त्रीला लोहाची आठवण करून देणे हे उपचाराइतकेच महत्त्वाचे आहे. मूल हवे असल्यास फॉलिक आम्ल आधीपासून सुरू करावे. ‘मधूनमधून गोळीला विश्रांती द्यावी’ हा सल्लाही शास्त्रीय नाही. त्या विश्रांतीत नको असलेली गर्भधारणा होते. शिवाय रक्तात गुठळी होण्याचा अल्प धोका गोळी नव्याने सुरू करण्याच्या पहिल्या महिन्यांतच तुलनेने अधिक असतो.

तेरा पाकिटांचा हिशेब

आता अर्थशास्त्राकडे वळू. गोळीचे वापरकर्ते मोजण्याची शासकीय रीत अशी : वर्षभरात वाटलेल्या एकूण पाकिटांना १३ ने भागायचे, कारण २८ दिवसांची १३ पाकिटे म्हणजे जवळपास एक वर्ष. उत्तर येते ती ‘समतुल्य वापरकर्त्यां’ची संख्या. प्रशासकीय दृष्टीने ही रीत सोयीची आहे. परंतु एका स्त्रीने वर्षभर नियमित गोळी घेतली काय, अथवा तेरा स्त्रियांनी प्रत्येकी एक पाकीट घेऊन भीतीने सोडून दिले काय, तक्त्यात नोंद एकच होते : एक वापरकर्ती. पहिल्या उदाहरणात संरक्षण आहे. दुसऱ्यात तेरा घरांतील अनुत्तरित प्रश्न आहेत. साठा आणि प्रवाह यांतील फरक आपण जाणता. येथे वाटपाचा प्रवाह मोजला जातो. कार्यक्रमातून गळून जाणारा प्रवाह त्या आकड्यात दिसत नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पद्धत सोडणाऱ्यांची व त्यामागील कारणांची माहिती गोळा करते, पण ते काही वर्षांच्या अंतराने होते. उपकेंद्रातील परिचारिकेला पुढच्या आठवड्यात कोणाच्या घरी जावे, हे त्यातून कळत नाही.

याची मुळे इतिहासात आहेत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून स्त्री-पुरुषांना शरीराची माहिती मराठीत, निःसंकोचपणे दिली. माहिती हाच त्यांच्या कार्याचा पाया होता. स्वतंत्र भारताने १९५२ साली राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. असे करणारा तो जगातील पहिला देश ठरला. पुढे मात्र माहितीपेक्षा उद्दिष्टांना महत्त्व आले. १९७६-७७ या आणीबाणीच्या वर्षात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्या सक्तीची प्रतिक्रिया उमटली आणि कालांतराने शस्त्रक्रियेचा भार पुरुषांकडून जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांकडे सरकला. कैरो येथील १९९४ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर भारताने १९९६ साली पद्धतनिहाय उद्दिष्टे मागे घेतली आणि राष्ट्रीय लोकसंख्या धोरण, २००० ने माहितीपूर्ण व ऐच्छिक निवडीचा पुरस्कार केला.

तरीही २०१९-२१ चे चित्र पाहा. एकूण जननदर २.० पर्यंत खाली आला होता, ही निश्चितच मोठी उपलब्धी. आधुनिक पद्धती वापरणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण ५६.५ टक्के होते. त्यांत स्त्री नसबंदी ३७.९, गोळी ५.१ आणि पुरुष नसबंदी अवघी ०.३ टक्के. म्हणजे आधुनिक पद्धतीचा अवलंब करणाऱ्या दर तीन जोडप्यांपैकी दोघांची मदार स्त्रीच्या शस्त्रक्रियेवर होती. पश्चिम बंगाल, आसाम आणि त्रिपुरा या राज्यांत गोळीचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या कितीतरी पट आहे. त्यावरून भारतीय स्त्रीला गोळी मानवत नाही, हा समज टिकत नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेली, संप्रेरकविरहित ‘सहेली’ १९९१ पासून उपलब्ध आहे. ‘छाया’ या नावाने ती सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. २०११ च्या योजनेने आशा कार्यकर्ती साधने घरपोच देऊ लागली. पुरवठ्याची साखळी अशा रीतीने दारापर्यंत आली.

उणीव माहितीची

केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ सालच्या प्रसिद्ध निबंधात आरोग्यसेवेची बाजारपेठ इतर बाजारांहून वेगळी का, याचे विवेचन केले. सेवा देणाऱ्याला जे ठाऊक असते, ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, हे त्यातील एक प्रमुख कारण. वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणानुसार, वापरात असलेल्या पद्धतीच्या दुष्परिणामांविषयी कधीतरी सांगितले गेले, असे ६२.४ टक्के वापरकर्त्या स्त्रियांनी नमूद केले. आधीच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४६.५ टक्के होते. सुधारणा उल्लेखनीय आहे. पण तीनपैकी एकीहून अधिक स्त्रिया अजूनही अंधारात होत्या. कोणतीही पद्धत न वापरणाऱ्या स्त्रियांपैकी तर केवळ २३.९ टक्के स्त्रियांशी आरोग्य कर्मचारी या विषयावर बोलले होते. गोळी सोडलेली स्त्री याच दुसऱ्या गटात जाऊन पडते. जिला सल्ल्याची सर्वाधिक गरज, तिच्यापर्यंत तो सर्वांत कमी पोहोचतो. ही पोकळी मग उष्णतेच्या समजुती आणि टॉनिकांच्या जाहिराती भरून काढतात.

उपाय खर्चिक नाहीत. पहिला, गोळीचे पाकीट देतानाच ती थांबवल्यावर काय होईल हे सांगावे. मार्ग आधी माहीत असला की भीती कमी होते. दुसरा, पाकीट नेण्यास न आलेल्या स्त्रीची स्वतंत्र नोंद व्हावी आणि महिनाभरात आशा कार्यकर्तीने तिची भेट घ्यावी. ही भेट गोळी पुन्हा गळी उतरवण्यासाठी नसावी. गोळी का थांबवली, आता मूल हवे की नको आणि पाळी आली का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. तिसरा, कार्यक्रमाचे यश वाटलेल्या पाकिटांबरोबरच सुटलेल्या प्रश्नांवरही मोजले जावे. यात कार्यकर्तीचे काम वाढते, हे मान्य. म्हणून अशा भेटीचा मोबदलाही तिला मिळाला पाहिजे. अन्यथा आणखी एक रकाना भरण्यापलीकडे काही घडणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेत ‘अपूर्ण गरज’ या संज्ञेची व्याख्या आपल्याला विचारली जाईल. मूल नको किंवा लांबणीवर हवे, तरीही कोणतेही साधन न वापरणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण, असे उत्तर आपण लिहाल. २०१९-२१ मध्ये ते ९.४ टक्के होते, हेही लिहाल. उत्तर बरोबरच असेल. परंतु या ९.४ टक्क्यांत साधन कधीच न मिळालेल्या स्त्रियांबरोबर साधन मिळूनही ते सोडलेल्या स्त्रियाही आहेत. दोघींना लागणारी मदत भिन्न आहे : पहिलीला पुरवठा हवा, दुसरीला उत्तर हवे. उद्या आपल्यापैकी कोणी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या आढावा बैठकीत अध्यक्षस्थानी बसेल. तेव्हा किती पाकिटे वाटली, हे जरूर विचारा. मात्र त्यानंतर किती जणी परत आल्या नाहीत आणि त्यांच्या घरी कोण गेले, हेही विचारा. माझ्या सर्वेक्षणातल्या त्या तरुण आईच्या घरी वेळेवर कोणी गेले असते, तर तिची फसगत टळली असती.