पहिला नंबर नसलेली स्पर्धा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि पाककृती सांगायची नाही अशी अट घातली आहे. जेवणाची वेळ जवळ आल्यामुळे अट रास्तच आहे. मी हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना स्वयंपाक शिकवतो. बारावीनंतर मी हा रस्ता धरला तेव्हा "आचारी होणार का रे?" असं विचारणारे निदान दोघं तरी इथे पहिल्या रांगेत बसलेले दिसतात. त्यांना सांगतो, हो, झालो. आणि आता मुलांनाही करतो.

दरवर्षी आमच्या मुलांचे संघ पाककलेच्या स्पर्धांना जातात. टीव्हीवर दिसते तशी ती स्पर्धा नसते. गेल्या वर्षीचीच सांगतो. तिघांचा संघ, अडीच तास, तीन पदार्थ आणि प्रत्येकाच्या चार प्लेट. कोणतं सामान मिळणार हे आधी ठाऊक नसतं. टोपलीवरचं फडकं काढलं की समोर जे येईल त्यातून अर्ध्या तासात बेत लिहून द्यायचा. शिक्षकांनी दोरीच्या पलीकडे उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. माझ्यासारख्याला ही खरी शिक्षा.

परीक्षक दोन प्रकारचे असतात. काही जण ओट्यांमधून फिरत असतात. हात धुतले का, माशासाठी निळा आणि भाजीसाठी हिरवा पाट वापरला का, कचऱ्याच्या डब्यात चांगला माल तर गेला नाही ना, हे ते बघतात. बाकीचे वेगळ्या खोलीत बसून चव घेतात. प्लेट कुणाची हे त्यांना कळू देत नाहीत. जगभरच्या शेफ लोकांची वर्ल्डशेफ्स नावाची संघटना 1928 साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. तिच्या पद्धतीत 100 गुणांची वाटणी अशी असते: पूर्वतयारी आणि स्वच्छता 10, योग्य रीतीने शिजवणं 25, वेळेत वाढणं 5, मांडणी 10 आणि चव 50. ज्या सजावटीचे आपण फोटो काढतो, तिला फक्त 10 गुण!

पण मला आज सांगायचं आहे ते पदकांविषयी. 90 च्या पुढे सुवर्ण, 80 च्या पुढे रौप्य, 70 च्या पुढे कांस्य. दहा संघांनी 90 गाठले तर दहा सुवर्णपदकं द्यायची. कुणीच गाठले नाहीत तर सुवर्ण कुणालाच नाही. म्हणजे शेजारच्या ओट्यावरचा संघ हरल्याने तुमचं काहीच भलं होत नाही. तुमची लढत असते ती त्या रेषेशी.

गेल्या वर्षीच्या आमच्या संघात एक मुलगा मराठवाड्यातला होता. वडील लग्नाच्या पंगतींचे आचारी. वर्गात मात्र "वडिलांचा केटरिंगचा बिझनेस आहे" एवढंच सांगायचा. शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं, त्यामुळे ज्युलियन, ब्रुन्वाज, मिझाँप्लास हे शब्द ऐकून बिचकायचा. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मला येऊन म्हणाला, "सर, मला हे जमत नाही. गावी जातो." मी त्याला संघात घेतलं. स्वतःचं काम संपलं की दुसऱ्याचं भांडं घासायला घेणारा वर्गात तो एकटाच होता, म्हणून घेतलं.

स्पर्धेत पावणेदोन तास सगळं सुरळीत चाललं. सुरमई झाली, कोंबडी होत आली. शेवटचा पदार्थ रवा-नारळाचा केक, चार छोट्या साच्यांत. मिश्रण तयार, आणि ओव्हन गार पडलेला! संघाची कॅप्टन हुशार मुलगी, पण तिचा चेहरा उतरला. पंचेचाळीस मिनिटं उरलेली. मी दोरीपलीकडे मुठी आवळून उभा.

आमचा हा मुलगा पुढे झाला. परीक्षकांना विचारून त्याने मिठाचा पुडा जाड बुडाच्या पातेल्यात ओतला, आत कडं ठेवलं आणि पातेलं आचेवर चढवलं. वडील दिवाळीत पातेल्यात वाळू तापवून नानकटाई भाजायचे, ते त्याने लहानपणापासून पाहिलेलं होतं. पण पातेल्याला घट्ट बसेल असं झाकण कुठे होतं? शेजारच्या ओट्यावरच्या, दुसऱ्या कॉलेजच्या मुलीने आपलं जड झाकण उचलून याच्या हातात दिलं. एक शब्द न बोलता दिलं आणि ती पुन्हा आपल्या कामाला लागली.

केक झाले, बारा प्लेट वेळेत गेल्या. आमच्या मुलांना रौप्य मिळालं. झाकण देणाऱ्या मुलीच्या संघालाही रौप्य. फक्त एकच पहिला नंबर द्यायचा असता, तर ते झाकण जागचं हललं असतं का? मुलं मनाने चांगली असतात, पण चांगलं वागायला नियमांनीही जागा ठेवावी लागते.

बक्षीस समारंभाआधी त्या मुलाने घरी फोन लावला. "दादा, तुमचं वाळूचं पातेलं आज कामाला आलं," असं सगळ्यांच्या देखत, मोठ्याने सांगितलं. आज तो शेवटच्या वर्षाला आहे. ज्युलियन म्हणजे आगकाडीसारखे बारीक काप, हे आता तो पहिल्या वर्षाच्या मुलांना मराठीत समजावतो.

आपल्या शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या आलेल्यांच्या नावांचा फलक आहे. त्यावर आमच्या बॅचचंही एक नाव आहे, त्याचा आम्हाला अभिमान आहे. तो फलक राहू द्या. आमच्या बॅचची एवढीच विनंती आहे की त्याच्या शेजारी दुसरा एक फलक लावावा. वाचन असो, पोहणं असो, गणित असो, शिक्षकांनी एक रेषा ठरवावी आणि ती गाठणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यावर यावं, मग ते पाच असोत की पन्नास. फलकाचा आणि बक्षिसांचा खर्च आम्ही वर्गणी काढून करू. मघाशी "आचारी होणार का रे?" वाल्या दोघांनी त्यांचा वाटा कबूलही केला आहे.

दहा मिनिटं संपली. आज वाढायला मी स्वतः उभा राहणार आहे.