शब्द पाळला, त्याचा आनंद

(हिंगणी येथे महिला बचत गटांच्या डिसेंबरच्या सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)



२५ तारखेला नाताळ. बऱ्याच जणी मला विचारतात, "ताई, तुमच्या सणात असते तरी काय?" थोडक्यात सांगते. देवानं शब्द दिला आणि तो पाळला, त्याचा हा सण.

आपण बायांनी मोडलेले शब्द फार पाहिले. 'औंदा कापसाला भाव मिळते', 'उद्यापासून दारू सोडतो'. ऐकून ऐकून आशा ठेवायचीच भीती वाटते. म्हणून ही गोष्ट ऐका.

मीखा नावाचा संदेष्टा येशूच्या शेकडो वर्षं आधी सांगून गेला, की बेथलेहेम या लहानशा गावातून तारणारा येईल. किती पिढ्या वाट पाहत गेल्या! शेवटी बाळ जन्मलं, ते गव्हाणीत निजवलं. पहिली खबर कोणाले? रात्री मेंढरं राखणाऱ्यांना. बोरच्या जंगलाजवळ आपली वावरं. जागलीची थंडी आपल्याला सांगावी लागत नाही.

त्याच गोष्टीत हन्ना नावाची म्हातारी आहे. लग्नानंतर सात वर्षांतच नवरा गेला. ८४ वर्षांची झाली तरी मंदिरात प्रार्थना करत, वाट पाहत होती. तिनं ते बाळ पाहिलं आणि वाट पाहणाऱ्या सगळ्यांना सांगत सुटली. शुभवार्ता सांगायचा मान एका विधवेला मिळाला!

आता आपल्याकडचं पहा. पंडिता रमाबाई २३ व्या वर्षी विधवा झाल्या. कडेवर तान्ही मुलगी. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. उपाशी, निराधार मुलींना त्या सोबत घेऊन गेल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथं बाया लिहायला-वाचायला शिकल्या, छापखानासुद्धा चालवू लागल्या. देव शब्द पाळतो, या विश्वासावर रमाबाईंनी हे केलं. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. दुःख आलंच. पुढल्या वर्षी रमाबाईही गेल्या. पण मुक्तीचं काम आजही चालू आहे.

बायांनो, वाट पाहणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नाही. आपला गटही शब्दावरच चालतो. ठरल्या दिवशी बैठक, ठरल्या तारखेला परतफेड. एकीनं शब्द पाळला, की दुसरीला कर्ज मिळते, तिच्या लेकराची फी भरली जाते. देवाच्या मोठ्या शब्दाची ही लहानशी ओळख, असं मी मानते.

एक मागणं आहे. पुढल्या महिन्यात संक्रांत. आपल्या गटातल्या विधवा बहिणींना हळदीकुंकवाला मानानं बोलवायचं, असा शब्द आज इथंच देऊ. आणि पाळू.

नाताळच्या फराळाला माझ्या घरी सगळ्या जणी या. चहा ठेवलेलाच असते!