धुऱ्यावरचा धोतरा

आपल्या वर्धा जिल्ह्यात धोतरा मुद्दाम कोणी लावत नाही. वावराच्या धुऱ्यावर, उकिरड्याशेजारी तो आपला आपणच उगवतो. महाशिवरात्रीला त्याचं काटेरी फळ महादेवाला वाहायचं, गणपतीच्या पत्रीत त्याचं पान ठेवायचं, एवढाच आपला त्याच्याशी संबंध.

त्याचं वाळलेलं बोंड उकललं की चपट्या, तपकिरी-पिवळ्या बिया गळतात. पाहणाऱ्याला त्या मिरचीच्याच वाटतात. त्यात नवल नाही, कारण धोतरा, मिरची आणि वांगं एकाच कुळातले. पण मिरचीची बी फिकट, गुळगुळीत आणि तिखट असते. धोतऱ्याची खडबडीत आणि कडू. पूर्वी वाटमारे प्रवाशांच्या अन्नात हीच बी कालवून त्यांना लुबाडत.

या बियांत अ‍ॅट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही अल्कलॉइडं असतात. नसांकडून ग्रंथींना आणि अवयवांना निरोप पोचवणारं एक द्रव्य शरीरात असतं, अ‍ॅसिटिलकोलीन. ही अल्कलॉइडं त्याचा निरोप अडवतात. मग तोंडाला कोरड पडते, बुबुळातली बाहुली मोठी होते, अंग तापतं, लघवी अडते. माणूस बरळतो, बोटांतून नसलेला दोरा ओढत बसतो.

आता उलटं चित्र पाहा. पऱ्हाटीवर फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीडनाशक औषध अंगात गेलं, की हेच अ‍ॅसिटिलकोलीन शरीरात साचत जातं. लाळ गळते, घाम फुटतो, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छाती कफानं भरते. अशा वेळी डॉक्टर शिरेतून अ‍ॅट्रोपीन देतात आणि छाती मोकळी होईपर्यंत मात्रा वाढवत नेतात. हे अ‍ॅट्रोपीन 1830च्या दशकात जर्मनीत बेलाडोना या धोतऱ्याच्याच कुळातल्या झाडापासून शुद्ध रूपात मिळवलं गेलं.

म्हणजे धुऱ्यावर जे विष, तेच दवाखान्यात जीवदान. फरक फक्त मापाचा. इंजेक्शनमध्ये किती मिलिग्रॅम औषध आहे ते बाटलीवर छापलेलं असतं. बीमध्ये किती आहे हे झाडागणिक बदलतं, आणि डोळ्यांना ते दिसत नाही. आयुर्वेदातही ही बी दुधात शिजवून शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत.

तेव्हा दम्यासाठी असो की ‘विषावर विष’ म्हणून असो, धोतऱ्याची बी घरी कुणाला देऊ नका. पोरांना हे बोंड ओळखायला शिकवा. विषबाधेची शंका आली तर 108 ला फोन लावा, नाहीतर रोग्याला सरळ सेवाग्रामच्या किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. जाताना खाल्लेलं बोंड किंवा फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घ्या. काय पोटात गेलं हे कळलं, की डॉक्टरांचा वेळ वाचतो.