सरावासाठी ध्वनिमुद्रक

(तिरुविडैमरुदूर येथे तंजावरी मराठी कुटुंबांच्या एका घरगुती मेळाव्यात केलेले भाषण)



मी या गावी आलो तो अमरसिंह महाराजांच्या ओढीने. तंजावरच्या भोसले घराण्यातील या राजांनी १७८७ ते १७९८ या काळात राज्य केले. पुढे इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून दुसऱ्या सरफोजींना गादीवर बसविले, आणि अमरसिंह मध्यार्जुन क्षेत्री, म्हणजे आपल्या या तिरुविडैमरुदूरला, येऊन राहिले. राज्य गेले तरी गाणे त्यांच्याबरोबर आले. येथील दरबाराच्या आश्रयाला घनम् कृष्ण अय्यर होते. 'नंदनार चरित्रम्'चे कर्ते गोपालकृष्ण भारती यांनी हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतली, तीही येथेच. हे सारे पाहावे, दोन-चार टिपणे करावीत आणि परत जावे, एवढाच माझा बेत होता.

परंतु काल रात्री यजमानांच्या कन्येने एक प्रश्न विचारला. ती गिटार शिकते. तिने विचारले, "काका, सरावासाठी घरात ठेवायला रेकॉर्डर कोणता घेऊ?" मी उत्तर देऊ लागलो, ते लांबत गेले, आणि यजमान म्हणाले की, हेच उद्या सर्वांसमोर सांगा. तेव्हा अमरसिंहांविषयी पुन्हा केव्हातरी. आज एका लहानशा यंत्राविषयी बोलतो. या विषयात मी तज्ज्ञ नाही. माझा व्यवसाय अनुवादाचा. मात्र या यंत्राने मला एकदा चांगलेच फसविले आहे, आणि फसलेल्या माणसाला थोडाफार अधिकार येतो.

चाळिशी उलटल्यावर मी गिटार हाती घेतली. माझे गुरू गोव्यात असतात. वय झालेले, प्रवास न करणारे. मी पुण्यात. दर आठवड्याला वाजविलेले ध्वनिमुद्रित करून पाठवावयाचे, त्यांनी ऐकून दोष सांगावयाचे, असा आमचा क्रम ठरला. हे मुद्रण मी फोनवरच करीत असे. त्यांची उत्तरे उत्साह वाढविणारी असत. तारा सारख्या बोलतात, अंगठा आणि बोटे यांचा तोल चांगला आहे, आता पुढचा पाठ घ्या. असे दीड वर्ष चालले. मग एकदा सुट्टी काढून मी त्यांच्याकडे गेलो आणि समोर बसून वाजविले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "हो हात तुजो न्हय." हा तुझा हात नव्हे. जो हात मी त्यांना दीड वर्ष पाठवीत होतो तो निराळा होता. प्रत्यक्षात माझा अंगठा इतका दुबळा होता की खालच्या स्वरांच्या तारा जेमतेम उमटत, आणि बोटे मात्र अकारण आदळत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाने आपला दीड वर्षाचा वेळ माझ्या हाताला नव्हे, माझ्या फोनला शिकविण्यात घालविला होता. मला लाज वाटली, ती अजून पुरती गेलेली नाही.

हे कसे घडले? बोलणे टिपण्यासाठी केलेल्या बहुतेक मुद्रकांत आवाजाची पातळी आपोआप राखण्याची योजना असते. आवाज मोठा झाला की यंत्र आपली ग्रहणशक्ती कमी करते. लहान झाला की वाढविते. सभेत एक वक्ता जवळ बसलेला असतो, दुसरा दूर. दोघांचेही शब्द कळावेत म्हणून ही सोय. तिच्या जागी ती उपयुक्तच आहे. पण वाद्याच्या बाबतीत लहानमोठेपणा हाच अर्धा अर्थ असतो. हळू वाजलेली तार यंत्राने वर उचलली, जोराने वाजलेली खाली दाबली, की शिकाऱ्याच्या हातातील असमानता पुसली जाते आणि वाजविणारा तयारीचा वाटू लागतो. आज ज्यांचे नाव मी घेतले, ते कृष्ण अय्यर घन पद्धतीच्या जोरकस गायनासाठी ख्यात होते. 'घनम्' ही उपाधी त्यावरूनच पडली. त्यांच्यासमोर असे यंत्र ठेवले असते, तर ती उपाधी कशासाठी मिळाली हे ऐकणाराला कधीच कळले नसते!

फोनमध्ये आणखी एक गोम असते. कित्येक फोन गोंगाट कमी करण्याचा प्रयत्न करतात. गिटारची तार छेडल्यावर तिचा नाद हळूहळू विरत जातो. ती विरणारी शेपटी म्हणजे मागचा गोंगाटच, असा यंत्राचा समज होतो, आणि ती छाटली जाते. मग स्वर मध्येच तुटल्यासारखा वाटतो आणि शिकणारा स्वतःच्या डाव्या हाताला बोल लावतो. म्हणजे एकीकडे असलेला दोष झाकायचा आणि दुसरीकडे नसलेला दाखवायचा!

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, यंत्र विकत घेताना त्याची पातळी हाताने ठरविता येते काय, एवढे आधी विचारावे. दुकानदाराला हे सांगता येईलच असे नाही. तेव्हा परीक्षा आपणच करावी. तिला गिटारही लागत नाही. यंत्र सुरू करून एक ते पाच आकडे कुजबुजत म्हणावेत, सहा ते दहा खड्या आवाजात म्हणावेत, एक टाळी वाजवावी आणि दहा सेकंद गप्प राहावे. मग ऐकावे. कुजबुज आणि खडा आवाज जवळजवळ सारखे ऐकू आले, किंवा टाळीनंतर पंख्याची घरघर एकदम बुडून हळूहळू वर येऊ लागली, तर ते यंत्र बोलण्यासाठी आहे, वाजविण्यासाठी नाही. ही योजना बंद करण्याची कळ असेल तर ती बंद करून परीक्षा पुन्हा घ्यावी. फोनवरही हे नियंत्रण देणारी काही ॲप मिळतात. ज्याच्याजवळ दुसरे यंत्र घेण्याइतके पैसे नाहीत, त्याने आधी तेथे शोध घ्यावा.

हाताने पातळी ठरविणे फारसे अवघड नाही. जो तुकडा सर्वांत जोराने वाजवावयाचा तो एकदा वाजवून पाहावा, दर्शकाचा काटा टोकाला भिडणार नाही इतकी पातळी खाली आणावी, आणि तेथे खूण करून ती महिनाभर हलवू नये. हलविली की कालचे आणि आजचे यांची तुलना संपली. अलीकडे ३२ बिट फ्लोट नावाच्या पद्धतीने मुद्रण करणारी लहान यंत्रे निघाली आहेत. झूम या जपानी कंपनीचे २०२४ साली आलेले एच-वन-इसेन्शियल हे त्यांपैकी एक. त्यांत मुद्रणाची पातळी ठरवावीच लागत नाही. कुजबुज आणि गर्जना ही दोन्ही आपापल्या मापाने नोंदली जातात. नवशिक्याला ही सोय खरोखर मोठी आहे. फक्त ऐकताना आवाजाची कळ रोज त्याच जागी ठेवावी.

जुन्या मंडळींना कॅसेट आठवत असेल. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली आणली आणि घरोघर मुद्रण होऊ लागले. त्या यंत्रांपैकी पुष्कळांत पातळी आपोआप राखण्याची ही योजना होतीच. शिवाय सेल उतरले की फीत मंदावे आणि ऐकताना सूर खाली येई. आपण बेसूर झालो की सेल संपले, हे ठरविण्यात संध्याकाळ जाई. आजच्या यंत्रांत तो त्रास राहिलेला नाही. जागेचीही चिंता नको. सीडीच्या प्रतीचे मुद्रण मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेते, म्हणजे ३२ गिगाबाइटच्या कार्डावर पन्नास तासांच्या आसपास मावते. पलीकडच्या तिरुवावडुतुरैच्या राजरत्नम् पिळ्ळै यांना आपला तोडी राग तबकडीच्या मोजक्या मिनिटांत आवरावा लागला होता. आपल्याला काहीच आवरावे लागत नाही. सरावाच्या दृष्टीने हे वाईटही ठरते, कारण तासन्‌तास मुद्रण साठते आणि ऐकले जात नाही. मी दोन मिनिटांहून अधिक मुद्रण करीत नाही.

दुसरी कसोटी साधेपणाची. वाद्य मांडीवर घेतल्यानंतर मुद्रण सुरू होईपर्यंत किती कृती कराव्या लागतात, ते मोजावे. संगणक, त्याला जोडावयाची पेटी, वेगळा मायक्रोफोन, त्याचा घोडा आणि वायरी यांतून मुद्रण उत्तम होते यात शंका नाही. पण सरावाच्या तासातली पंधरा मिनिटे त्यात जातात, आणि तिसऱ्या दिवशी माणूस मुद्रणच सोडून देतो. एका बोटाने सुरू होणारे, साध्या सेलवर चालणारे, वीज गेली तरी न अडणारे यंत्र घरात बरे. ध्वनी स्टिरिओ आहे की नाही, याला सरावात फारसे महत्त्व नाही. इयरफोन जोडण्याची सोय मात्र हवी. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा असतो. यंत्राच्या अंगच्या बोटभर स्पीकरमधून तो धडपणे बाहेर पडत नाही. माझा अंगठा दुबळा आहे हे मला कळले नाही, त्याचे हे दुसरे कारण. चाल न बदलता गती मंद करून ऐकविण्याची सोय यंत्रात मिळाली तर घ्यावी. अडखळण्याची नेमकी जागा त्याने सापडते.

यंत्र कोठे ठेवावे? गिटारच्या तोंडासमोर नव्हे. तेथे नुसता घुमारा येतो. मान जेथे पेटीला मिळते त्या बाजूस, बाराव्या पडद्याच्या समोर, हातभरापेक्षा थोडे कमी अंतरावर ठेवावे. टेबलावर सपाट ठेवल्यास पायाचा ठेका आत येतो. खाली घडी घातलेला पंचा ठेवला म्हणजे झाले. पंखा बंद करावा. या गावच्या उकाड्यात दोन मिनिटे तेवढी निघतात! देवळाच्या पूजेच्या वेळी नागस्वरम् सुरू झाले, तर मुद्रण थांबवून ते ऐकावे हे उत्तम.

आणि ऐकावे केव्हा? येथे माझा व्यवसाय उपयोगी पडतो. अनुवाद केलेले पान त्याच दिवशी वाचले तर त्यातले दोष दिसत नाहीत, कारण डोक्यात अजून मूळ वाक्य वाजत असते आणि जे लिहावयाचे होते तेच लिहिले गेले असे वाटते. दोन दिवसांनी तेच पान परक्याचे होते. गिटारचेही तसेच आहे. वाजविल्याबरोबर ऐकले तर बोटांची मेहनत ऐकू येते, स्वर येत नाही. मी आज मुद्रित केलेले उद्या सकाळी, वाद्य हातात न घेता, ऐकतो.

गोव्याहून परतल्यावर मी पातळी हाताने ठरविता येणारे एक लहान यंत्र घेतले, आणि आमचा क्रम पुन्हा सुरू झाला. पहिले मुद्रण ऐकून गुरूंनी पहिल्या पाठापासून आरंभ करावयास सांगितले. त्याला आता सात महिने झाले. आम्ही चौथ्या पाठावर आहोत.

यजमानांच्या कन्येची गिटार आतल्या खोलीत आहे आणि माझे यंत्र या पिशवीत आहे. आपणा सर्वांची अनुमती असेल तर कुजबुजीची आणि टाळीची परीक्षा आपण आताच करून पाहू. कोणीतरी तेवढा पंखा बंद करावा.