काळ्या मोहऱ्यांचा भक्कम बचाव



बुद्धिबळाच्या पटावर पहिली खेळी पांढऱ्याची असते. हा एका खेळीचा लाभ वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु नवशिक्या खेळाडूस तो चांगलाच जाणवतो. काळीं मोहरीं वांट्यास आलीं कीं तो एक तर धास्तावतो, नाहीं तर पहिल्या पांच खेळ्यांतच चढाई करूं पाहतो. आणि चार डाव हरल्यावर पट कपाटांत पडून राहतो. अशा खेळाडूनें एखादा भक्कम बचाव नीट समजून घ्यावा, अशी माझी सूचना आहे.

भक्कम म्हणजे काय, हें एका दृष्टांतानें सांगतों. ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात त्या नगर जिल्ह्यांत, पारनेर तालुक्यांत, राळेगणसिद्धी हें अवर्षणाच्या टापूंतलें गांव आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें तेथील ग्रामस्थांनीं नाल्यांस ठिकठिकाणीं बांध घातले. बांध पाण्याशीं झुंजत नाहीं. तो त्याचा वेग मोडतो, आणि माती वाहून नेणारें तेंच पाणी जमिनींत जिरून विहिरींस लाभतें. पटावरचा चांगला बचावही हेंच करतो.

असा एक बचाव ‘कारो-कान’ या नांवानें प्रसिद्ध आहे. होरेशिओ कारो व मार्कुस कान या दोघांनीं १८८६ मध्यें त्याची चिकित्सा प्रसिद्ध केली. पांढऱ्यानें राजापुढील प्यादें दोन घरें टाकलें, कीं काळ्यानें वजिराकडील उंटापुढचें प्यादें एकच घर सरकवावें. पांढरा वजिरापुढील प्यादेंही दोन घरें टाकील. तेव्हां काळ्यानें आपलें वजिरापुढील प्यादें दोन घरें नेऊन भिडवावें. आतां त्या लहानशा पहिल्या खेळीचा अर्थ उमगतो. मध्यावरच्या प्याद्यास मागून जोर आहे. तें मारलें गेलें, तरी त्याची जागा दुसरें प्यादें घेतें. शिवाय वजिराकडील उंटाची वाट मोकळी राहते. फ्रेंच बचावांत हाच उंट स्वतःच्या प्याद्यांआड कोंडला जातो. अर्थात् याची किंमतही द्यावी लागते: ज्या घरीं घोड्यानें यावयाचें, तेथें प्यादें बसलेलें असतें.

परंतु खेळ्या पाठ झाल्या म्हणजे बचाव आला, असें नव्हे. मध्यावर प्याद्यांची देवघेव होऊन पांढऱ्याचा घोडा तेथें येऊन बसला, कीं काळ्यानें वजिराकडील घोडा वजिरापुढच्या घरीं आणणें ही मान्य खेळी आहे. यावर पांढरा आपला वजीर राजापुढें आणून ठेवतो, आणि काळा संवयीनें दुसराही घोडा बाहेर काढतो. लगेच पांढऱ्या घोड्याचा शह बसतो! त्या घोड्यास मारूं शकणारें राजापुढचें प्यादें हलवितां येत नाहीं. कारण तें हललें, तर राजावर वजिराचा मारा येतो. राजास पळावें, तर भोंवतीं आपलींच मोहरीं. सहाव्या खेळीस मात! एरवीं निर्दोष असलेली खेळी येथें घातक ठरते. म्हणून प्रत्येक खेळीपूर्वीं ‘प्रतिपक्षी काय साधूं पाहतो?’ असें स्वतःस विचारावें.

ही पद्धति केवळ नवशिक्यांची आहे, असेंही समजूं नये. १९५८ मध्यें बोट्विनिक यांनीं स्मिस्लोव्हकडून जगज्जेतेपद परत मिळविलें, त्या सामन्यांत त्यांनीं याच बचावाचा आश्रय केला होता. आणि काळीं मोहरीं म्हणजे पराभवाची खूण तर नव्हेच. २०२५ च्या जुलैंत जॉर्जियांतील बाटुमी येथें महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तेथें नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुख यांनीं कोनेरू हंपी यांच्याविरुद्ध निर्णायक डाव जिंकला, तो काळ्या मोहऱ्यांनींच. त्या डावाची सुरुवात निराळी होती; धीर मात्र हाच होता.

तेव्हां एकच बचाव घ्या, त्याचे वीस डाव खेळा, आणि प्रत्येक हरलेल्या डावांत बांध कोठें फुटला, तें शोधा.